फोर्ट्रान, पाऊस आणि पाडव्याच्या रात्री पडलेली रिंग

प्रश्न: भाऊ, आमची सात एकर कपाशी हाय. पोरगी नागपूरले एमएस्सी फिजिक्स करून रायली, तिले तिथं फोर्ट्रान ही कॉम्प्युटरची भाषा शिकवतेत. शेजारचा पोट्टा म्हणते का हे मेलेली भाषा हाय, पायथन शिकाव. अन इथं पाऊस कवा येईन याचा भरोसा नाही, तिकडं उपग्रह सोडून रायले, तो पैसा वावराले काहून नाही देत?
– एक शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर: दादा, पेरणीच्या आधी तुम्ही मोबाईलवर पावसाचा अंदाज बघता ना, तिथूनच सुरू करतो. १७ फेब्रुवारी २०२४ ला श्रीहरिकोट्यावरून इन्सॅट-३डीएस हा हवामानाचा उपग्रह गेला, तो ढगांचे फोटो तर काढतोच पण हवेच्या वेगवेगळ्या थरात तापमान किती, ओल किती हेही मोजतो, आणि असे आकडे हवामान खात्याच्या सुपरकॉम्प्युटरवर ज्या मॉडेलमध्ये, म्हणजे हवामानाचं गणित सोडवणाऱ्या प्रोग्राममध्ये जातात, जीएफएस म्हणा डब्ल्यूआरएफ म्हणा, त्यांचा बहुतेक कोड फोर्ट्रानमध्येच आहे. म्हणजे पोरगी जे शिकतेय त्याच भाषेत तुमच्या वावरावरच्या पावसाचा हिशोब होतो.

भाषा १९५७ ची आहे, मान्य. पण आकड्यांचे मोठमोठे तक्ते भराभर सोडवायलाच ती बनवली आणि ते काम ती आजही उत्तम करते, २०२३ मध्ये तिचं नवीन स्टँडर्ड, म्हणजे सुधारलेली अधिकृत नियमावलीसुद्धा आली. पायथनही शिकू द्या, नोकरीला तेच जास्त मागतात, फक्त त्या पोट्ट्याला सांगा की पायथनवाले मॅट्रिक्स, म्हणजे असेच आकड्यांचे तक्ते, सोडवायला जी लॅपॅक नावाची तयार कोडची लायब्ररी वापरतात ती मुळात फोर्ट्रानमध्ये लिहिलेली आहे.

पैशाचं म्हणाल तर तुमचा राग मला समजतो, पण उपग्रह बंद करून वावरात पाणी येणार नाही. खरी अडचण वेगळी आहे. आपल्याकडे बैलाचं एक शिंग भिजतं अन एक कोरडं राहतं, आणि अंदाज बहुतेकदा कानावर येतो तो अख्ख्या जिल्ह्याचा. मे २०२५ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ६ किलोमीटर ग्रिडचं, म्हणजे ६-६ किलोमीटरच्या चौकोनांत हिशोब करणारं, मॉडेल सुरू झालं, आधी १२ चं होतं, हे चांगलंच झालं, पण प्रत्यक्ष पाऊस मोजायचं यंत्र मात्र बहुतेक ठिकाणी महसूल मंडळात एकच असतं अन तिथलाच आकडा तुमच्या गावाला लावतात. मागायचंच असेल तर प्रत्येक ग्रामपंचायतीत एक यंत्र मागा, ग्रामसभेत ठराव घ्या.

प्रश्न: २०२२ च्या गुढीपाडव्याच्या रात्री आमच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीले आभाळातून भली मोठी धातूची रिंग पडली. असं परत होऊ शकते का?
– कॉलेजची विद्यार्थिनी, जि. चंद्रपूर

उत्तर: हो ताई, होऊ शकतं. ती बहुधा चीनच्या रॉकेटची होती. उपग्रह सोडून झाला की रॉकेटचा वरचा टप्पा तसाच फिरत राहतो, विरळ हवेच्या घर्षणाने हळूहळू खाली येतो, बराचसा जळतो पण टायटॅनियमसारखे चिवट भाग जमिनीपर्यंत पोचतात. हा कचराच आहे, अन नदीत सोडलेल्या घाण पाण्याइतकाच तो ज्याचा त्याने आवरायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. इस्रोने २०३० पर्यंत आपल्या मोहिमांतून कचरा न करण्याचं ठरवलंय.

असं काही पडलेलं दिसलं तर हात लावू नका, टाकीत विषारी इंधन उरलेलं असू शकतं, लेकरांना लांब ठेवा आणि पोलीस, तहसीलदारांना कळवा. घराचं, पिकाचं नुकसान झालं असेल तर पंचनामा अन फोटो जपून ठेवा, कारण १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानाची भरपाई रॉकेट सोडणाऱ्या देशाने द्यायची असते आणि ती आपल्या सरकारमार्फतच मागावी लागते.