जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, पुण्यात जनरल वॉर्डात नोकरी आहे. आता आयसीयू धरू की एमएस्सी करू?

आधी आयसीयू, असं माझं मत. पण बदली मागण्यापूर्वी तिथल्या इन्चार्ज सिस्टरला विचारून एक नाइट बघून घ्या. वॉर्डात पेशंट जास्त, धावपळ जास्त. आयसीयूत एका सिस्टरकडे एक-दोनच पेशंट, पण दर तासाला इनटेक-आउटपुट (पेशंटच्या शरीरात किती द्रव गेला, किती बाहेर आला), शिरेतून औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपचा रेट, एबीजीचं (धमनीतल्या रक्तातले वायू तपासण्याचं) सॅम्पल, व्हेंटिलेटरचा अलार्म का वाजतोय ते डॉक्टर येण्याआधी ओळखायचं. हे आवडलं तर तुमची लाइन ठरलीच. नाही आवडलं तर जबरदस्ती नको, लेबर रूम आणि ओटीलाही (ऑपरेशन थिएटर) मान आहे.

एमएस्सीचं म्हणाल तर जीएनएमवरून थेट होत नाही. आधी 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएम झालेल्यांसाठीची नर्सिंगची डिग्री), मग एमएस्सी 2 वर्षं. शिकवायची हौस असेल तरच तिकडे वळा. पेशंटजवळच राहायचं असेल तर बीएस्सीनंतर क्रिटिकल केअरचा (अत्यवस्थ पेशंटच्या देखभालीचा) नर्स प्रॅक्टिशनर कोर्स बघा, तोही 2 वर्षांचा आणि बहुतेक शिक्षण ड्युटीवरच. मानसोपचाराची ओढ असेल तर येरवड्याचं मनोरुग्णालय पुण्यातच आहे. तिकडे फारसं कुणी वळत नाही, का कोण जाणे!

फी भरण्याआधी कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, तेवढं मात्र बघा.