थीम पार्कमधील गैरसोय : तिकिटाचे पैसे आणि भरपाई मागता येईल का?

प्रश्न : माझ्या आईचे वय 72 असून गुडघ्यांच्या संधिवातामुळे तिला वीसेक पावलांपलीकडे चालवत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे नाशिकहून एका थीम पार्कमध्ये दोन दिवसांसाठी गेलो आणि मुक्कामासह 23,600 रुपये आगाऊ भरले. संकेतस्थळावर ‘व्हीलचेअर उपलब्ध, संपूर्ण परिसर व्हीलचेअरने फिरण्याजोगा’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात व्हीलचेअर दोन तासांनी मिळाली, भोजनगृहाच्या उतारावर ती ढकलायला दोन माणसे लागली आणि नावेच्या राइडवर ‘स्वतः उठून बसता येत नसेल तर नाही’ म्हणून आईला परत पाठवले. पैसे मागितल्यावर तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असल्याचे आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशा अर्जावर मी सही केल्याचे दाखवण्यात आले. आईकडे दिव्यांग प्रमाणपत्र नाही. काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, मात्र तक्रारीची मांडणी बदलावी लागेल. तुमच्या मूळ पत्राचा निम्म्याहून अधिक भाग नावेवर खर्च झाला आहे आणि कायद्याच्या दृष्टीने तीच तुमची सर्वांत लंगडी बाजू आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 3 प्रमाणे दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही. पण एखादी मनाई रास्त हेतूसाठी आणि त्या हेतूच्या प्रमाणात आहे, असे दाखवता आले तर तिला तेच कलम मुभा देते. पाण्यात मध्येच नाव बंद पडली तर प्रत्येकाला स्वतः उतरता आले पाहिजे, ही अट सर्वांना सारखी लावली जात असेल, तर ग्राहक आयोग पार्कचे म्हणणे मान्य करण्याचीच शक्यता अधिक आहे. त्यामुळे नावेबाबत एवढेच म्हणावे की ही अट तिकीट विकताना सांगितली नव्हती.

तुमचे खरे बळ त्या दोन तासांत आहे. सोय असल्याचे लेखी सांगून, त्यावर विसंबणाऱ्या ग्राहकाकडून पैसे घेऊन ती वेळेवर न देणे, ही ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार सेवेतील त्रुटी ठरते. तेव्हा संकेतस्थळावरील त्या वाक्याचा पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट आजच घ्या. नोटीस पोहोचली की अशी वाक्ये गुपचूप बदलतात, हे मी एकापेक्षा अधिक प्रकरणांत पाहिले आहे. आयोगापुढे पुराव्याचा कायदा काटेकोरपणे लागू होत नसला, तरी स्क्रीनशॉट आणि छायाचित्रांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील, इलेक्ट्रॉनिक पुरावा खरा असल्याचे प्रमाणपत्र जोडलेले बरे, म्हणजे त्यावरून वाद उरत नाही.

उताराचे छायाचित्र पाठवलेत, हे फार चांगले केलेत. त्यात शेजारी चार पायऱ्या दिसतात. प्रत्येक सुमारे सहा इंचांची धरली तर एकूण उंची दोन फूट होते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक मानकांत उताराचे प्रमाण 1:12 आहे, म्हणजे तेथे निदान 24 फूट लांबीचा उतार हवा होता. तुमच्या छायाचित्रात तो आठ फुटांवर कुंडीपाशीच संपलेला दिसतो. या मुद्द्यावर पार्कचे वकील एक हरकत नक्की घेतील. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 46 प्रमाणे खासगी सेवा पुरवठादारांनीही सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता येण्याच्या, नियमांनुसार सेवा देणे बंधनकारक आहे. परंतु राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी त्या नियमांतील 15(1) हा नियम, तो केवळ शिफारशींच्या स्वरूपाचा असल्याने मूळ कायद्याशी विसंगत ठरवून, सरकारला सक्तीचे नियम करण्यास सांगितले. म्हणून केवळ कलम 46 वर विसंबू नये; ‘संपूर्ण परिसर व्हीलचेअरने फिरण्याजोगा’ हे पार्कचेच शब्द खोटे ठरवण्यासाठी उताराची मापे वापरावीत.

दिव्यांग प्रमाणपत्र नसल्याची चिंता नको. 40 टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणासारख्या विशिष्ट लाभांसाठी आहे. कलम 3 चे संरक्षण त्या टक्केवारीशी बांधलेले नाही. तरीही प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून ठेवा आणि सहलीच्या आधीच्या तारखेची अस्थिरोगतज्ज्ञांची कागदपत्रे व एक्स-रे तक्रारीला जोडा.

सहीविषयी. राइडवरील अंगभूत धोका पत्करण्याची संमती म्हणजे कबूल केलेली सेवा न देण्याची परवानगी नव्हे, आणि ‘नॉन-रिफंडेबल’ हा शब्द त्रुटीपूर्ण सेवेलाही आपोआप ढाल पुरवत नाही. मात्र तक्रारीत ‘हा करार अनुचित आहे’ असे मुख्य गाऱ्हाणे मांडू नका. ‘अनुचित करारा’च्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे जातात, आणि या एका शब्दापायी चांगली तक्रार चुकीच्या दारात अडकून पडते. तुम्ही त्रुटी आणि दिशाभूल यांवरच राहा.

आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून 30 दिवसांत पैसे परत मागा. उत्तर न आल्यास नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार दाखल करा; तक्रारदार जेथे राहतो तेथे ती दाखल करण्याची मुभा ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 34 ने दिलेली आहे. तुम्ही पैसे दिलेत आणि आई सेवेच्या लाभार्थी होत्या, म्हणून दोघीही तक्रारदार व्हा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे आणि सुनावणी दूरदृश्य प्रणालीद्वारे व्हावी असा अर्ज देता येतो, त्यामुळे आईंना जिने चढावे लागणार नाहीत. (आयोगाच्या इमारतीतील उतार मोजण्याचा मोह मात्र आवरा.) उताराची स्वतंत्र तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करावी, तेथून भरपाईपेक्षा दुरुस्तीची अपेक्षा ठेवावी.

रकमेबाबत संयम राखा. 2012 मध्ये कोलकात्याहून गोव्याला निघालेल्या, सेरेब्रल पाल्सीमुळे दिव्यांग असलेल्या जीजा घोष यांना विमानातून उतरवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये 10 लाख रुपये देवविले, हे खरे. पण ती मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात केलेली रिट याचिका होती आणि अपमान उघड होता. तुम्ही आईंच्या तिकिटाचे पैसे, मुक्कामाच्या रकमेतील त्यांचा वाटा, मानसिक त्रासाची माफक भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागा. अशा तक्रारी बहुतांशी शपथपत्रांवर चालतात, तेव्हा आईंचे शपथपत्र वेगळे करा, आणि ते दोन तास त्या कोठे बसल्या, पाणी कोणी दिले, स्वच्छतागृहापर्यंत त्यांना कसे नेले, हे त्यात त्यांच्याच मराठीत येऊ द्या.