भाव सांगण्याआधी भिंतीला हात लाव

रामबाग, इंदूर

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू हिशेबाची वही दाखवलीस तेव्हा तुझ्या आईसमोर काही बोललो नाही, म्हणून हे लिहितोय. स्कीम 78 वसाहतीतला तो टू बीएचके, आठ दिवसांचं रंगाचं काम, 51,240 रुपये घेतलेस आणि पैसे वेळेवर आले. तुझ्या वहीप्रमाणे 8,540 सुटले. माझ्या हिशेबाने 11,460 तुझ्या खिशातून गेले. रागावू नकोस, आधी वाच.

तू धरलंस ते असं: दोन कारीगर, एक हेल्पर, रोजचे 2,400, आठ दिवसांचे 19,200. माल 22,000. लोडिंग आणि चहापाणी 1,500. झाले 42,700, त्यावर वीस टक्के. आकडेमोड चोख आहे. पण त्यात तू कुठे आहेस? कामाच्या आधी माप घ्यायला गेलास, शेड कार्ड घेऊन दोनदा गेलास, सियागंज बाजाराच्या दोन फेऱ्या झाल्या (दुसरी रोलर विसरलास म्हणून), आणि दिवाळीनंतर कपाटामागचा डाग पुसायला पुन्हा बोलावतील तेव्हाही तूच जाशील. हे सगळं तू फुकट वाटलंस.

आता माझ्या पद्धतीने मांड. तुझी स्वतःची महिन्याची मजुरी 32,000 धर, त्याहून कमी असेल तर सरळ नोकरी कर. पेट्रोल आणि फोन 5,500. गोडाऊनचं भाडं 5,000. घोड्या (उंचावर चढायच्या), रोलर, भिंत घासायचं मशीन यांची झीज 3,500. टच-अपसाठी परत जाण्याचे 4,000. झाले 50,000. महिन्यात दिवस तीस, पण ज्यांचे पैसे मिळतात असे दिवस वीसच भरतात. आठवड्याची सुट्टी आहे, पाऊस आहे, ऐन वेळी गावी गेलेला कारीगर आहे. शिवाय आपल्या गावात रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक निघते त्या दिवशी आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (चित्ररथांच्या) दुसऱ्या सकाळी कोण कामावर येतो ते तुला ठाऊकच आहे. म्हणजे विकलेल्या प्रत्येक दिवसावर 2,500 तुझे. आठ दिवसांचे 20,000. ते 42,700 मध्ये घाल, 62,700 होतात. ही तुझी पडती किंमत, यात नफा अजून आलेलाच नाही. दहा टक्के नफा हवा तर 62,700 ला 0.9 ने भागायचं. दहा टक्के वर चढवणं निराळं आणि विक्रीतले दहा टक्के हातात राहणं निराळं. 69,700 च्या आसपास भाव येतो.

तू म्हणशील, काका, या भावात मला कोण काम देईल? खरं आहे, बरेच जण देणार नाहीत. म्हणून भाव पाडायचा नाही, साइट दोन चालवायच्या. पुट्टीचा, म्हणजे भिंत सपाट करणाऱ्या लेपाचा हात वाळेपर्यंत कारीगर बिडी ओढत बसतो, त्या वेळात तो दुसऱ्या घरी प्रायमर मारू शकतो. घरं जवळजवळची असली तरच हे जमतं, एक राऊला आणि एक निपानियाला असेल तर पेट्रोलच सगळं खाईल. दोन साइट चालल्या की तुझे 2,500 दोघांत वाटले जातात, आणि त्याच फ्लॅटचा भाव 58,500 च्या जवळ येतो. तू घेतलास त्यापेक्षा सात हजारांनीच जास्त. चार साइट मात्र नकोत. चौथ्या घरात काय चाललंय ते मालकिणीच्या फोनवरून कळायला लागलं की समज, हाताबाहेर गेलं.

सूट. आपल्या मराठी घरांत हा विषय फार नाजूक. ‘तू तर घरचाच’ म्हणून काकू चहा पुढे करतात आणि तू दहा टक्के सोडून येतोस. 51,240 चे दहा टक्के म्हणजे 5,124. तुझ्या 8,540 मधले बरोबर साठ टक्के एका चहावर जातात. मी पैसे सोडत नाही, काम कमी करतो. ‘काकू, बजेट पन्नासचं असेल तर बेडरूममध्ये दोन हात पुट्टीऐवजी एकच हात आणि टच-अप करू, हॉल मात्र पूर्ण करू.’ बहुतेक वेळा त्या पूर्णच करून घेतात. आणि एकाच भिंतीचं, एकाच डागाचं काम असेल तर अर्ध्या दिवसाच्या खाली भाव सांगायचा नाही. घोडी चढवायला लागणारा वेळ भिंत लहान आहे म्हणून कमी होत नाही.

आता ज्यात मी खरा मार खाल्ला ते सांगतो. बरीच वर्षं झाली. जुनी इंदूरकडचं एक जुनं घर होतं, मालकांनी फोनवर खोल्या सांगितल्या, मी फोनवरच चौरस फुटाचा भाव सांगितला. नऊ दिवस धरले. तिसऱ्या दिवशी कारीगराने पहिली पुट्टी ओढली आणि ती पत्र्यासारखी सुटून पात्यावर आली, मागे रंगाचा पापुद्रा घेऊन. खरवडत गेलो तर निळ्याखाली पिस्ता, पिस्त्याखाली पिवळा, त्याखाली पांढरा चुना, तळहाताला भुकटी लागत होती. चुन्यावर डिस्टेंपर, त्यावर पुन्हा डिस्टेंपर, कित्येक दिवाळ्यांचे थर. हे सगळं खाली उतरवल्याशिवाय नवं काही धरणारच नव्हतं. वीस दिवस लागले. मालक म्हणाले, भाव ठरलाय. ठरलाच होता, त्यांचं काय चुकलं? कारीगरांची मजुरी मी पुढच्या साइटच्या बयान्यातून (आगाऊ रकमेतून) दिली, त्या साइटचा माल मग सियागंजहून उधार उचलला, आणि ही साखळी सुटायला होळी उजाडली.

तेव्हापासून फोनवर भाव नाही. घरी जायचं आणि प्रत्येक खोलीतल्या निदान एका भिंतीला, विशेषतः बाथरूमच्या पाठीमागच्या, हात लावायचा. ओला तळवा घासून बघ, रंग हाताला लागला तर भिंत खडूसारखी झालीय. ब्लेडने बारीक चौकटी कापून त्यावर चिकटपट्टी दाबून लाव आणि एका झटक्यात ओढ. पट्टीबरोबर रंग आला तर खरवडण्याचं काम वेगळं लिहायचं, फुटाच्या भावात गुंडाळायचं नाही. भिंतीवर पांढरी फुलं दिसली तर तो लोणा (खार), म्हणजे आत कुठेतरी पाणी आहे, आधी प्लंबर मग आपण. नवं प्लास्टर असेल तर ते नीट वाळेपर्यंत हात लावू नकोस, घरवाल्यांना वास्तुशांतीची कितीही घाई असो.

आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली चीर. आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, वर बांधलेलं घर तिच्याबरोबर हलतं. ती चीर तू कितीही झकास भरलीस तरी मे महिन्यात परत दिसू शकते. कोटेशनवर लिही: चिरा भरून देऊ, पुन्हा न उघडण्याची हमी नाही. हे आधी लिहिलं तर ती माहिती असते. नंतर सांगितलंस तर बहाणा वाटतो.

माप मालकासमोर घ्यायचं. बारा बाय बारा खोली, दहा फूट उंची, म्हणजे भिंती 480 आणि छत 144, एकूण 624 चौरस फूट. दारं-खिडक्या वजा करायच्या की नाहीत, किती करायच्या, हे त्याच कागदावर लिहून त्यांची सही घे. भांडणं भावावरून थोडी होतात, मापावरून फार.

बाकी किरकोळ. भिंत फोडावी लागली तर मलबा उचलण्याचे पैसे वेगळे धर. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर लावलेल्या शहरात तो कोपऱ्यावर टाकून पळता येत नाही, आणि टाकूही नये. रंगाच्या डब्यात बक्षीस म्हणून निघणारं टोकन, हल्ली मोबाइलवर स्कॅन करून मिळणारे पॉइंट, ते कारीगरांचे. त्यावर डोळा ठेवून भाव काढू नकोस, कारण टोकनासाठी माल जास्त उघडला गेला की पैसे तुझेच जातात. उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या वर निघाली की जीएसटीची नोंदणी आली, आणि या कामावर 18 टक्के लागतात. घरमालकाला त्याचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट मिळत नाही, त्याला ते सरळ महाग पडतं. मालासकट काम घेतलंस तर मालाचे पैसेही तुझ्या उलाढालीत धरले जातात, मालकाने माल स्वतः आणला तर फक्त मजुरी. कोणतं बरं ते सीएकडे बसून ठरव, माझ्याकडे नको.

पैशांचे हप्ते असे: कामाआधी मालापुरते तरी, पुट्टी-प्रायमर उतरल्यावर मोठा हप्ता, शेवटचा हात मारायच्या आधी तिसरा, आणि शेवटी फक्त दहा टक्के उरू दे. रंग भिंतीवर वाळला की तुझा शब्द हलका होतो. याबाबतीत मी कधी कुणाची भीड ठेवली नाही. तुझ्या बाबांची सुद्धा ठेवली नव्हती, विचार त्यांना.

सुदामा नगरच्या त्या काकूंना अजून आकडा सांगितला नसशील तर सांगू नकोस. उद्या सकाळी जा, बरोबर चिकटपट्टी ने, आणि देवघराच्या मागची भिंत बघ. मी त्या घरी सत्यनारायणाला जेवलोय. ती भिंत तेव्हाही ओली होती.

तुझा,
काका