डिस्लेक्सिया आहे हे नोकरीत मॅनेजरला सांगावं का?

तुम्ही लिहिलंय की वय २४, डिझाइन इंजिनिअर म्हणून पहिलीच नोकरी, डिस्लेक्सियाचं निदान शाळेतच झालेलं, आणि आता मॅनेजरला सांगावं की गप्प बसावं हे कळत नाही. मी भोसरीला टूलरूममध्ये १९ वर्षं फिक्स्चर, म्हणजे मशीनवर पार्ट पकडून ठेवणारी साधनं, डिझाइन करतोय. त्यातली १६ वर्षं गप्प बसलो, म्हणून हा प्रश्न बघून राहवलं नाही.

२०१४ची गोष्ट. अमेरिकेतल्या एका कस्टमरचं ब्रॅकेटचं ड्रॉइंग आलं होतं. आपल्याकडे फर्स्ट अँगल, त्यांच्याकडे थर्ड अँगल, म्हणजे उजवीकडून दिसणारं चित्र आपण डावीकडे काढतो, ते उजवीकडे; हे तुम्हाला सांगायला नको. शीटच्या कडेला बारीक अक्षरात नोट्सची मोठी रांग होती: मटेरियल, हार्डनेस, प्लेटिंग. टीममधल्या तिघांनी त्या ओळ न ओळ वाचून काढल्या. मला तेवढ्याच नोट्स वाचायला तिप्पट वेळ लागतो, म्हणून मी आधी चित्र बघतो, आणि चित्रातही सगळ्यात आधी टायटल ब्लॉकमधलं, म्हणजे शीटवरच्या माहितीच्या चौकटीतलं, फर्स्ट की थर्ड अँगल हे सांगणारं कापलेल्या शंकूचं चिन्ह. वाचावं लागत नाही अशी शीटवरची तेवढी एकच गोष्ट असते.

शेजारच्या स्क्रीनवर तयार मॉडेल फिरत होतं. काहीतरी उलटं आहे एवढंच आधी जाणवलं, काय ते नंतर लक्षात आलं. मधली रिब (आधाराची पट्टी) पुढच्या फेसकडे ९ मि.मी. सरकलेली हवी होती, मॉडेलमध्ये ती मागच्या बाजूला गेली होती. ड्रॉइंगमध्ये हिडन लाइन, म्हणजे आड गेलेल्या कडांच्या तुटक रेषा, दाखवलेल्या नव्हत्या. रिब पुढे असो की मागे, फ्रंट व्ह्यूमध्ये सारखीच दिसणार. सगळी मदार साइड व्ह्यू कोणत्या बाजूने काढलाय यावर, आणि ते सांगणारं फक्त ते चिन्ह. मॉडेल आपल्या सवयीने फर्स्ट अँगल धरून झालं होतं. क्लॅम्प नेमका त्याच रिबवर बसणार होता. फिक्स्चरची बेस प्लेट दुपारी व्हीएमसीवर (मिलिंग मशीनवर) चढायची होती. थांबवली.

खात्री करून घ्यायला मी कस्टमरला घाईघाईत तीन ओळींची मेल टाकली. त्यात ‘फ्रॉम’च्या जागी ‘फॉर्म’ गेलं, आणखी एक स्पेलिंग चुकलं. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी ती मेल प्रोजेक्टरवर लावून सगळ्यांसमोर वाचून दाखवली. “हे कस्टमरकडे गेलंय,” म्हणाले. रिबचा विषयसुद्धा निघाला नाही. त्या दिवसापासून माझी प्रत्येक मेल एका ट्रेनी मुलाला दाखवून मगच पाठवायची, असा नियम झाला. अकरा महिने चालला तो. तो मुलगा बिचारा माझ्याकडे न बघता मेल वाचायचा.

तेव्हा मला डिस्लेक्सिया हा शब्द माझ्यासाठी आहे हे माहीतच नव्हतं. आपण कच्चे आहोत, एवढंच माहीत होतं. घरी रोज संध्याकाळी दादा दहा ओळी शुद्धलेखन घालायचा. मी ६३च्या जागी ३६ लिहायचो. आपले ३ आणि ६ म्हणजे एकमेकांची आरशातली रूपं, त्यात त्रेसष्ट म्हणताना आपण तीन आधी उच्चारतो, मग हात तीनच आधी लिहितो. वेलांटी पहिली की दुसरी, हे तर मला कधी डोळ्यांना दिसलंच नाही. दादा म्हणायचा, “लक्ष नाही तुझं, बाकी काही नाही.”

तीन वर्षांपूर्वी मुलीची चाचणी झाली. डॉक्टरांनी विचारलं, घरात अजून कुणाला असं होतं का? हे घराण्यात चालत येतं. माझं निदान त्यानंतर झालं, वयाच्या ४१व्या वर्षी. दादा आता शिक्षक आहे. मुलीला परीक्षेत जादा वेळ मिळणार म्हटल्यावर म्हणाला, “म्हणजे बाकीच्या पोरांवर अन्यायच की!” दादा, जादा वेळ म्हणजे जादा मार्क नाहीत. उत्तर तिला येतंच, प्रश्न वाचून होईपर्यंत पेपर काढून घेतात, अडचण ती आहे. आणि लक्ष नसलेला मुलगा रोज तासभर तुझ्यासमोर रडत पाटी पुसत बसत नाही.

तर तुमचा प्रश्न. सांगा, असं माझं मत आहे. पण नुसतं निदान सांगू नका, काय हवंय ते सांगा. “मला डिस्लेक्सिया आहे” एवढंच ऐकलं की समोरचा कीव तरी करतो, नाहीतर तुमच्या प्रत्येक कामावर शंका घेतो. मी माझ्या आताच्या साहेबांना तीन गोष्टी मागितल्या: ड्रॉइंगमधले बदल मेलबरोबर तोंडीही सांगा, मापं तोंडी सांगितली की शीटवरही लिहा, आणि मेल वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरू द्या. पंधरा मिनिटांत विषय संपला. मराठीतलं लिखाण मी फोनवर बोलून करतो, गूगलने २०१७मध्ये मराठी व्हॉइस टायपिंग दिल्यापासून. हे उत्तरही तसंच लिहिलंय.

कायद्याचं म्हणाल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते, डिस्लेक्सिया त्यातलाच. आरक्षण वगैरे सरकारी नोकरीसाठी, तेही प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अक्षमता असेल तर. खासगी कंपनीलाही समान संधी धोरण जाहीर करणं बंधनकारक आहे. तुमच्या कंपनीचं मागून घ्या.

“डिस्लेक्सिया ही देणगी आहे” असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ज्यांना आकार चांगले दिसतात त्यांना दिसतात, सगळ्यांना दिसतीलच असं नाही, आणि न दिसणाऱ्यालाही मेल वाचायला वेळ मिळालाच पाहिजे. आणखी एक, मी बोलतोय ते लहान टूलरूमच्या अनुभवावरून. प्रोबेशन चालू असेल आणि मॅनेजर प्रोजेक्टरवर मेल लावणाऱ्यातला असेल, तर कन्फर्मेशनचं पत्र हातात येईपर्यंत थांबा. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

आधी समोरासमोर बसून बोला, मग तेच दोन ओळींत मेल करून ठेवा. पाठवण्याआधी त्या ओळी कॉम्प्युटरकडून वाचून घ्या. फ्रॉम आणि फॉर्म डोळ्यांना सारखेच दिसतात, पण ऐकताना फरक लगेच कळतो.