वाचक विचारतात : सोफ्यात मुरलेला लघवीचा वास

प्रश्न : आमच्या मांजराने सोफ्याच्या बैठकीवर दोन-तीनदा सू केली. दर वेळी साबणाच्या पाण्याने पुसून वर सुगंधी फवारा मारला. काही दिवस बरे जातात, पण हवा दमट झाली की वास पुन्हा येतो. सोफा टाकूनच द्यावा लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. तुम्ही पुसलंत ते कापड, वास बसलाय तो खालच्या फोममध्ये. लघवी कापडातून झिरपते आणि फोममध्ये उतरताना आडवी पसरत जाते. वर तळहाताएवढा दिसणारा डाग आत ताटलीएवढा असू शकतो. तिथे जिवाणू युरियापासून अमोनिया तयार करतात, तोच नाकाला झोंबतो. मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्लही असतं. ते सावकाश फुटतं आणि त्यातून उग्र वासाची गंधकी संयुगं निघतात. म्हणून जुना डाग ताज्यापेक्षा जास्त वास मारतो. ओल मिळाली की वाळलेला सगळा साका पुन्हा जागा होतो.

यावर खरा उपाय म्हणजे पाळीव प्राण्यांच्या लघवीसाठी मिळणारा एन्झाइमचा, म्हणजे वासाचे घटक फोडणाऱ्या प्रथिनांचा क्लीनर. तो फसतो तो मुख्यतः प्रमाणात. चार किलोचं मांजर एका वेळी साधारण 30 ते 60 मिली लघवी करतं. फवाऱ्याच्या एका दाबात जेमतेम 1 मिली द्रव येतो. दहा-बारा फवारे मारून कापड ओलं झालं, तरी फोम आत कोरडाच राहतो.

बैठकीला चेन असेल तर ती उघडून फोम बाहेर काढा. खोलीत अंधार करून 365 ते 395 नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चने दोन्ही बाजू तपासा. लघवी फिकट पिवळसर-हिरवट चमकते. कपड्यांच्या साबणाचे अंशही चमकतात, पण निळसर. शंका आली तर नाक जवळ नेऊन खात्री करा. डागाची कड खडूने आखून घ्या. फोमखालची फळी किंवा पट्टेही पाहा. लघवी तिथवर गेली असेल, तर फोम धुऊनही वास राहील.

आता आधीचा साबण काढा. त्याने एन्झाइमचं काम मंदावतं. फोम टबात साध्या थंड पाण्यात बुडवून तळव्यांनी दाबा, पाणी बदला, पुन्हा दाबा. दाबल्यावर फेस येईनासा झाला की थांबा. पिळू नका, फोम फाटतो. जाड टॉवेलमध्ये दाबून जमेल तेवढं पाणी काढा, नाहीतर क्लीनर पातळ होईल.

मग आखलेल्या कडेच्या चार-पाच सेंटीमीटर बाहेरपर्यंत क्लीनर ओता. एका वेळच्या लघवीसाठी 100 ते 150 मिली धरा, डाग अनेकदा पडला असेल तर जास्त. खालच्या बाजूने ओल दिसली म्हणजे तो आरपार गेला. वर प्लास्टिक टाकून बाटलीवर लिहिलेला वेळ ठेवा. जुन्या डागाला रात्रभर तरी हवाच. एन्झाइम ओल्यातच काम करतात, वाळले की संपलं. या काळात वास वाढल्यासारखा वाटेल, त्याने घाबरू नका.

वाळवणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, पण इथे घाई केलीत तर बुरशीचा नवा वास पदरी पडेल. फोम कडेवर उभा करून दोन्ही बाजूंनी वारा लागू द्या. जाड फोमला दोन-तीन दिवस लागतात. मधोमध कोरडा टिश्यू ठेवून त्यावर अर्धा मिनिट जोर द्या. टिश्यू ओलसर निघाला तर कव्हर चढवू नका. वासाची परीक्षा अर्धा तास बाहेर फिरून आल्यावर घ्या, घरातल्या नाकाला सवय झालेली असते. वास उरलाच तर एकदा पुन्हा करा. दुसऱ्या खेपेनंतरही जात नसेल तर तेवढा फोम बदला. सोफा तरीही टाकावा लागत नाही.

प्रश्न : आमच्या सोफ्याचं कापड खिळवलेलं आहे, फोम निघतच नाही.

उत्तर : 10 मिलीची सिरिंज आणि लांब सुई घ्या. कापडाच्या विणीतून, तीन-तीन सेंटीमीटरवर, वेगवेगळ्या खोलीवर क्लीनर सोडा. चामडं किंवा रेक्झिन असेल तर हे करू नका, भोकं राहतात. तिथे सोफा उलटा करून तळाचं पातळ कापड उसवा आणि खालून काम करा. कापडाच्या लेबलवर ‘एस’ असेल तर त्याला पाणी चालत नाही, ‘एक्स’ असेल तर फक्त व्हॅक्यूम. अशा कापडावर एन्झाइमचा क्लीनर वापरू नका, ते काम सोफे साफ करणाऱ्या जाणकाराकडे सोपवा. ‘डब्ल्यू’ म्हणजे पाणी चालतं, तरी आधी मागच्या कोपऱ्यात रंग तपासा.

प्रश्न : व्हिनेगर, खाण्याचा सोडा, ब्लीच, वाफ यांपैकी काय चालेल?

उत्तर : ताज्या डागावर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात चालतं, ते अमोनिया मारतं, गंधकी वासाला हात लावत नाही. सोडा कोरड्या कापडावर रात्रभर टाकून व्हॅक्यूमने ओढा. दोन्ही एकत्र केलेत तर एकमेकांना निकामी करतात, फसफस तेवढी दिसते. ब्लीच मात्र अजिबात नको : अमोनियाशी मिळून त्यातून विषारी क्लोरामाइन वायू निघतो. वाफ आणि इस्त्री टाळा, उष्णतेने डाग आणि वास धाग्यांत पक्का बसतो. कव्हरही थंड पाण्यातच धुवा. फिनॉल असलेली जंतुनाशकं मांजराला विषारी असतात.

प्रश्न : साफ केलं तरी आमची मांजर तिथेच का जाते?

उत्तर : आपल्याला न येणारा वास तिला येतो, म्हणून आधी टॉर्च पुन्हा फिरवा. मांजरं जितकी, त्याहून एक जास्त लिटरबॉक्स ठेवा. त्यातली घाण रोज काढा. नीट वापरणारं मांजर अचानक बाहेर करू लागलं तर मूत्राशयाचा त्रास असू शकतो, पशुवैद्याला दाखवा. बोका वारंवार बसून जोर करतोय पण लघवीचे थेंबच पडताहेत किंवा तेही नाहीत, असं दिसलं तर मूत्रमार्ग तुंबला असण्याची शक्यता आहे. तेव्हा सोफ्याचं नंतर पाहा. सकाळची वाट न बघता त्याला दवाखान्यात न्या.