फ्लीटवूड मॅक या ब्रिटिश-अमेरिकन रॉक बँडच्या ‘टस्क’ या अल्बमबद्दल श्रोत्यांची मते इतकी परस्परविरोधी का आहेत?

याचे मुख्य कारण त्याच्या आधीचा अल्बम हे आहे. १९७७ च्या ‘रूमर्स’ने अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत एकूण ३१ आठवडे पहिला क्रमांक राखला होता, त्यामुळे ऑक्टोबर १९७९ मध्ये आलेल्या ‘टस्क’मध्येही तशीच घोटीव, लगेच ओठांवर बसणारी गाणी मिळतील अशी बहुतेकांची अपेक्षा होती. बँडचे गिटारवादक आणि गायक-गीतकार लिंडसी बकिंगहॅम यांना मात्र तीच वाट पुन्हा चालायची नव्हती. पंक आणि न्यू वेव्ह या त्या काळच्या नव्या, खडबडीत रॉक शैलींच्या प्रभावाखाली त्यांनी काही ध्वनिमुद्रण घरीच केले, आणि त्यांची तुटक, खरखरीत, काही वेळा मुद्दाम अर्धवट ठेवल्यासारखी वाटणारी गाणी बँडमधल्याच दोन गायिका-गीतकार, क्रिस्टीन मॅकव्ही यांच्या हळुवार गाण्यांच्या व स्टीव्ही निक्स यांच्या ‘सारा’सारख्या दीर्घ रचनेच्या शेजारी येऊन बसली.

नाराज श्रोत्यांचा आक्षेप नेमका या सरमिसळीवर आहे. दोन तबकड्यांवरच्या वीस गाण्यांपैकी निम्मी गाळून एकच तबकडी काढायला हवी होती, असे ते म्हणतात. चाहत्यांना तीच ओढाताण अल्बमचे बळ वाटते. माझे मत चाहत्यांच्या बाजूने झुकते, तरी बकिंगहॅम यांची दोन-तीन गाणी मलाही उगाच लांबवलेल्या प्रयोगासारखी वाटतात. (पुढे निघालेल्या सुरुवातीच्या सीडी आवृत्तीत ‘सारा’ कापून छोटे केले होते, हेही नंतरच्या नाराजीचे एक रास्त कारण.) विक्री ‘रूमर्स’च्या तुलनेत बरीच कमी झाल्याने ‘टस्क’वर अपयशाचा शिक्का बसला, परंतु पुढील पिढ्यांतील अनेक श्रोत्यांनी आणि समीक्षकांनी तो बराचसा पुसून टाकला आहे.