उपवासकाळात चहा सोडणे पुरेसे आहे का?

प्रश्न : ख्रिस्ताच्या नावात सलाम. माझे माहेर नाशिकच्या शरणपूरचे आणि परंपरा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची, त्यामुळे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात काहीतरी सोडण्याची सवय लहानपणापासून आहे. लग्नानंतर इंदूरला आले. सासरचे घराणे माळव्यातल्या जुन्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या दुसऱ्या एका शाखेच्या, मंडळीतले असल्याने ‘हे आपल्यात नाही, बायबलात कुठे लिहिले आहे?’ असे सासूबाई म्हणतात. मी दर वर्षी चहा सोडते. त्याने डोके दुखते, चिडचिड होते आणि ती मुलांवर निघते. ईस्टरच्या सकाळी पहिला कप घेताना सुटल्यासारखे वाटते, याहून अधिक काही हाती लागत नाही. यंदा रात्रीचा मोबाइल सोडावा की शुक्रवारचे एक जेवण, हे ठरत नाही. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, याच दिवसांत येते, शेजारी गुजिया आणून देतात. त्यांना नाही म्हणावे का? घरच्या वाटणीनंतर धाकट्या जावेशी बोलणे बंद आहे, मन त्यामुळेही थाऱ्यावर नसते. मार्गदर्शन करावे.
— एक भगिनी, इंदूर

उत्तर : प्रिय भगिनी, सलाम. आधी सासूबाईंच्या आक्षेपाविषयी लिहितो, कारण त्यात तथ्य आहे. ईस्टरपूर्वी चाळीस दिवस उपास करा, अशी आज्ञा पवित्र शास्त्रात नाही. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बिशप इरेनियस यांनी रोमला लिहिलेल्या पत्रात, ईस्टरपूर्वी कोणी एक दिवस, कोणी दोन, तर कोणी त्याहून अधिक दिवस उपास करतात, असे नोंदवून या भिन्नतेमुळे आपल्यातील शांती मोडत नाही, असे सांगितले आहे. चाळीस दिवसांचा उल्लेख 325 सालच्या निकेया येथील बिशपांच्या परिषदेच्या नियमांत येतो. प्रेस्बिटेरियन परंपरा ज्या धर्मसुधारकांकडून आली, त्यांच्यातील झ्विंग्ली यांच्यासमोर 1522 च्या उपवासकाळात झुरिकमधील एका मुद्रकाच्या घरी, मांस वर्ज्य असताना, सॉसेज खाल्ले गेले, तेव्हा स्वतः न खाताही त्यांनी खाणाऱ्यांची बाजू घेतली. मात्र ज्याला उपास करावासा वाटतो त्याने करू नये, असे त्यांनी म्हटले नाही. 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा तुमच्या माहेरची आणि सासरची अशा दोन्ही परंपरा त्यात एकत्र आल्या. म्हणून सासूबाईंनी तुमच्यासारखे करावे असा आग्रह धरू नका आणि त्या करत नाहीत म्हणून तुम्ही थांबूही नका.

आता चहा. चहा सोडण्यात काही गैर नाही, परंतु तुमच्या पत्रावरून असे दिसते की तुमच्या उपासाचा भार मुले उचलत आहेत. बायबलातील यशयाच्या पुस्तकाच्या 58व्या अध्यायात देव लोकांना हेच विचारतो : उपासाच्या दिवशी तुम्ही भांडता, चाकरांना राबवता, आणि तरीही मी तुमच्याकडे पाहावे अशी अपेक्षा करता? त्याच अध्यायात भुकेल्याला आपल्या भाकरीतील वाटा देणे आणि आपल्याच रक्तामांसाच्या माणसाकडे पाठ न फिरवणे, यांना त्याने उपास म्हटले आहे. काय सोडणे सोपे आहे किंवा काय सोडण्याची रीत आहे, यावरून साधना निवडू नये. आपण कुठे अडकलो आहोत ते प्रामाणिकपणे पाहून ती निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते ठिकाण तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळींत, जणू जाता जाता, लिहिले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा. तेव्हा यंदाची तुमची मुख्य साधना धाकटी जाऊ ही असावी. पहिले काही आठवडे तिचे नाव घेऊन रोज प्रार्थना करा. तिने सुधारावे अशी मागणी त्यात नसावी, तिच्या घरासाठी, मुलांसाठी, प्रकृतीसाठी जे चांगले ते मागावे. मग पवित्र सप्ताहापूर्वी, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्यापूर्वी, एकदा फोन करा किंवा घरी जा. वाटणीचा विषय काढू नका. कोण चुकले याचा निवाडा त्या भेटीत करायचा नाही. ती तुटक बोलेल किंवा बोलणारही नाही, हे गृहीत धरूनच जा. तिचे उत्तर तुमच्या हातात नाही आणि त्यावर तुमच्या साधनेचे यश मोजायचेही नाही. वाटणीत तुमच्यावर खरोखरच अन्याय झाला असेल, तर तो झालाच नाही असे मानण्याची गरज नाही. हक्काचा प्रश्न नंतर योग्य मार्गाने सोडवता येतो, अबोला मात्र आता संपवता येतो.

बाकीच्या गोष्टी याला आधार म्हणून ठेवा. रात्रीचा मोबाइल जरूर बंद करा, पण मोकळ्या झालेल्या वेळेत काय करायचे तेही ठरवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी हात पुन्हा तिकडेच जाईल. मार्काचे शुभवर्तमान 16 अध्यायांचे आहे. दोन-तीन दिवसांत एक अध्याय सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलात तर उपवासकाळ अर्ध्याच्या पुढे सहज सरेल, आणि शास्त्रवाचनाला त्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. एकांतातील प्रार्थनेसाठी बायबलातील पश्चात्तापाची सात स्तोत्रे, म्हणजे क्रमांक 6, 32, 38, 51, 102, 130 आणि 143, दिवसाला एक अशी घ्यावीत.

शुक्रवारचे जेवण सोडणार असाल तर वाचलेले अन्न किंवा पैसे त्याच दिवशी घराबाहेर जाऊ द्या. इंदूरात एम. वाय. रुग्णालयाच्या आवारात खेड्यापाड्यांतून आलेले रुग्णांचे नातेवाईक दिवस दिवस बसून असतात. चार पोळ्या आणि भाजी तिथे कुणाला तरी नक्की उपयोगी पडते. आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असे म्हणतात, तेव्हा दुपारी उपास करून रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाण्याचा बेत नसावा. मधुमेह असेल, औषधे चालू असतील किंवा अंगावर पिणारे मूल असेल, तर जेवण चुकवू नका. कॅथलिक मंडळीतही उपासाचा नियम 18 ते 59 वयाच्या निरोगी माणसांनाच लागू आहे. रविवारी उपास नसतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस होतात, त्यांतून सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात.

गुजियाविषयी संकोच नको. होळी फाल्गुनी पौर्णिमेची आणि ईस्टर वसंतातील पौर्णिमेनंतरच्या रविवारचा, म्हणून गेर आणि उपवासकाळ यांची गाठ पडतच राहणार. उपास करताना चेहरा उतरवू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असे प्रभूने मत्तयाच्या 6व्या अध्यायात सांगितले आहे. शेजारणीने दारात ताट आणले तर आपल्या व्रताची हकीकत न सांगता ते आनंदाने घ्यावे, तिच्यासमोर एक गुजिया खावी आणि रिकामे ताट परत पाठवू नये. रंग खेळायलाही हरकत नाही.

मध्येच एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या सकाळी पुढे चालू करा. शिक्षा म्हणून दिवस वाढवू नका. मुलांना काही सोडावेसे वाटले तर ते त्यांना निवडू द्या. आणि चहा यंदा प्या. संध्याकाळी मुले शाळेतून आल्यावर तो त्यांच्याजवळ बसून प्या.